तैलरंग शिकायचेत? एक जुनं निसर्गचित्र उतरवून काढा

तैलरंग नव्यानं हाती घेणारे बहुतेक जण क्रमावर अडतात. कॅनव्हास तयार असतो, पॅलेटवर रंग काढलेले असतात, आणि आधी काय रंगवायचं तेच सुचत नाही. आकाश आधी की झाडं? गडद भाग आधी की उजळ? जलरंगात कागदाचा पांढरा राखत उजळाकडून गडदाकडे जायचं, ही सवय शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटपासून हाताला लागलेली असते. तैलरंगात तीच आड येते. मग माणूस एका कोपऱ्यातून एक एक वस्तू पूर्ण करत पुढे सरकतो आणि चित्र तुकड्या-तुकड्यांचं दिसायला लागतं.

यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय जुनाच आहे. एखाद्या थोर चित्रकाराचं एक निसर्गचित्र निवडायचं आणि ते थरामागून थर उतरवून काढायचं. तयार चित्रात विषय शोधायचा नसतो, रचना जुळवायची नसते, ऊन सरकून जाण्याची धास्ती नसते. ते सगळे निर्णय कुणीतरी घेऊन ठेवलेले असतात. आपल्याला शोधायचं असतं ते इतकंच, की हे त्यानं कोणत्या क्रमानं केलं असेल आणि कुठला भाग किती गडद, किती उजळ ठेवला. प्रतिकृती मूळ चित्राशी किती मिळतीजुळती झाली हे मी दुय्यम मानतो. क्रम आणि टोन हाताला लागले पाहिजेत.

कॉपी केल्यानं स्वतःची शैली मरते, अशी भीती काहींना वाटते. चित्रकार जॉन कॉन्स्टेबल 1829 साली रॉयल अकॅडमीचा सदस्य झाला, म्हणजे इंग्लंडमध्ये त्याला हवी ती मान्यता मिळालेली होती. तरीही 1832 मध्ये, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्यानं सतराव्या शतकातल्या याकोब व्हान रॉइसडाल या डच चित्रकाराच्या एका हिवाळी निसर्गचित्राची प्रतिकृती केली. त्याआधी क्लोद लोरँची चित्रंही त्यानं अशीच उतरवली होती. कॉन्स्टेबलचं चित्र कॉन्स्टेबलचंच राहिलं. आपल्याकडेही हे घडलेलं आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स 1872 पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात आणि लेण्यांतली भित्तिचित्रं कॅनव्हासवर तैलरंगात उतरवून घेत. 1885 पर्यंत हे काम चाललं. त्या विद्यार्थ्यांमध्ये पेस्तनजी बोमनजी होते; पुढे चित्रकार म्हणून त्यांनी स्वतःचं नाव केलं.

चित्र निवडताना मात्र मोहात पडू नका. टर्नरची वादळं किंवा कॉन्स्टेबलचं ‘द हे वेन’ फोटोत फार लोभस दिसतात. ‘द हे वेन’ प्रत्यक्षात 185 सेंटिमीटर, म्हणजे सहा फुटांहून थोडं अधिक रुंद आहे. ते वहीच्या आकारात पाहिलं की प्रत्येक फटकारा बारीक नक्षीसारखा वाटतो आणि शिकणारा तीन नंबरचा ब्रश घेऊन पानं मोजत बसतो. पहिल्यांदा मूळ आकारानं लहान, माणसांची गर्दी नसलेलं आणि मोठ्या ठळक भागांत विभागलेलं चित्र घ्या. त्याची चांगली प्रतिमा खुद्द संग्रहालयाच्या संकेतस्थळावर असली पाहिजे. एकाच चित्राच्या इंटरनेटवर फिरणाऱ्या दहा प्रतिमा दहा रंगांच्या असतात. संग्रहालयाची तीच प्रमाण धरा.

माझी शिफारस रॉइसडालच्याच एका चित्राची आहे. हार्लेम शहराचं दुरून दिसणारं दृश्य, पुढे कापड उन्हात टाकायची कुरणं. साधारण 1670 ते 1675 च्या दरम्यानचं हे चित्र हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयात आहे. उंची 55.5 सेंटिमीटर, रुंदी 62. चित्रकार वाळूच्या उंच टेकाडावरून खाली पाहतो आहे. पायथ्याशी घरं आणि कुरणं, त्यापलीकडे सपाट प्रदेश, क्षितिजावर शहर आणि सेंट बाव्होचं मोठं चर्च. वरचा सुमारे दोन तृतीयांश कॅनव्हास आकाशानं भरलेला आहे. हार्लेम तेव्हा लिननचं कापड पांढरंशुभ्र करून देण्यासाठी प्रसिद्ध होतं. कापडाचे लांब पट्टे गवतावर पसरून उन्हात ठेवत, तेच चित्रात दिसतात. लिनन जवसाच्या धाग्याचं, आणि आपण रंगात घालतो ते तेलही जवसाच्याच बियांचं. तेव्हाचे कॅनव्हासही बहुधा लिननचेच असत. एका झाडावर सगळी चित्रकला उभी होती म्हणा ना.

शिकणाऱ्यासाठी हे चित्र चांगलं का? ढगांच्या सावल्या जमिनीवर पडल्यामुळे गडद आणि उजळ पट्टे एकाआड एक येतात. रस्ता नाही, नदी नाही, तरी नजर थेट क्षितिजापर्यंत जाते. ती कशी जाते, हे रंगवताना तुम्हालाच उमगेल.

सामान फार लागत नाही. रंगांच्या सात ट्यूबा पुरतात: टिटॅनियम व्हाइट, येलो ऑकर, बर्न्ट सायना, रॉ अंबर, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन आणि आयव्हरी ब्लॅक. हिरव्या रंगाची ट्यूब मुद्दाम घेऊ नका. काळ्यात ऑकर मिसळून पाहा, जुन्या निसर्गचित्रांत दिसतो तसा दबका, मातकट हिरवा मिळतो. ट्यूबेतला तयार हिरवा एकदा पॅलेटवर आला की सगळ्या चित्रभर पसरतो आणि मग आवरत नाही. रंग स्टुडंट दर्जाचे असले तरी चालतील, पण पांढरा चांगल्या दर्जाचा घ्या, कारण सगळ्यात जास्त तोच लागतो. आकाशासाठी बारा नंबरचा चपटा, ताठ केसांचा ब्रश, जमिनीसाठी सहाचा, आणि अगदी शेवटी लागणारा एक बारीक गोल. सोबत पॅलेट नाईफ, टर्पेंटाइन, जवसाचं तेल आणि जुन्या सुती धोतराच्या किंवा साडीच्या चिंध्या. कॅनव्हास 16 × 18 इंचांचा ताणून घ्या. मूळ चित्राच्या प्रमाणाशी तो जवळजवळ जुळतो. रुंदीत जेमतेम 3 मिलिमीटर जास्त भरतो, तेवढी कड सोडून द्यायची.

चित्राची प्रिंट मॅट कागदावर काढा, ए-थ्री आकारात. मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या पडद्यावरून रंगवू नका. पडदा स्वतः प्रकाश टाकतो, त्यामुळे सावल्या आहेत त्यापेक्षा उजळ भासतात. बारकावे मोठे करून पाहायला पडदा चांगला, टोन ठरवायला प्रिंट.

ब्रश उचलण्याआधी एक संध्याकाळ पेन्सिलीला द्या. प्रिंट समोर ठेवून डोळे अर्धवट मिटा, म्हणजे तपशील पुसले जाऊन मोठे भाग उरतात. पोस्टकार्डाएवढ्या चौकटीत ते भाग फक्त तीन टोनमध्ये भरा: गडद, मधला, उजळ. घर नाही, झाड नाही, नुसते आकार. अशी तीन-चार टिपणं झाली की एक गोष्ट ध्यानात येते. जमिनीवरचा उन्हाचा पट्टा कितीही झगझगीत वाटला, तरी तो ढगांच्या उजळ कडांइतका उजळ नाही. हे आत्ताच कळलेलं बरं.

कॅनव्हास पांढरा ठेवून सुरुवात करू नका. रॉ अंबरमध्ये थोडा ऑकर घालून तो टर्पेंटाइननं पातळ करा, सगळीकडे फासा आणि चिंधीनं पुसून घ्या. चहाच्या डागासारखा मधला तपकिरी टोन राहिला पाहिजे. डच चित्रकार अशा रंगीत अस्तरावरच काम करत. त्याचा फायदा असा, की पहिल्याच फटकाऱ्यापासून उजळही कळतो आणि गडदही. पांढऱ्यावर प्रत्येक रंग गडदच वाटतो. हे अस्तर किमान एक दिवस सुकू द्या.

मग प्रिंटवर आणि कॅनव्हासवर उभ्या-आडव्या दोन-दोन रेघा मारून नऊ चौकोन करा. ट्रेसिंग करू नका, त्यानं डोळ्याला काहीच काम उरत नाही. सगळ्यांत आधी क्षितिजाची रेघ. ती खालच्या आडव्या रेघेच्या मानानं नेमकी कुठे येते ते पट्टीनं मोजा. ती अर्धा इंच जरी वर गेली तरी आकाशाचा सगळा पसारा आकसतो. चर्चची जागा, घरांच्या छपरांचा उतार, ढगांच्या मोठ्या राशींच्या कडा, एवढंच कोळशानं काढा आणि पातळ अंबरनं पक्कं करा. त्याच अंबरनं जमिनीवरचे गडद पट्टेही भरून टाका. इथे थांबून दहा पावलं मागे जा. एवढ्यावरच चित्राची खोली जाणवायला हवी. जाणवत नसेल तर रंग काढू नका, गडद पट्ट्यांच्या जागा पुन्हा तपासा.

आता आकाश. या चित्रातला खरा अभ्यास इथेच आहे, म्हणून एक पूर्ण सुटीचा दिवस त्याला द्या आणि ओल्यावर ओलं असंच ते एका बैठकीत पूर्ण करा. आधी पॅलेटवर पाच करडे तयार करून ठेवा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर सम प्रमाणात मिसळले की जवळजवळ काळा रंग होतो. त्यात पांढरा वाढवत गेलात की करड्याची उतरंड मिळते. अल्ट्रामरीन किंचित जास्त घातला की करडा थंड होतो, अंबर जास्त घातला की उबदार. ढगांच्या पोटाला उबदार करडा, वरच्या मोकळ्या आकाशाला थंड. काळा आणि पांढरा मिसळून केलेला करडा इथे वापरू नका, तो सिमेंटसारखा मेलेला दिसतो.

मिसळलेला रंग बरोबर आहे का हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. प्रिंटवर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद ठेवायचा, नाईफच्या टोकावर रंग घेऊन त्यावर त्या जागी टेकवायचा. टिकली उठून दिसली तर टोन चुकला, हरवून गेली तर जमला.

क्रम असा ठेवा: आधी ढगांमधून दिसणारं निळसर आकाश, मग ढगांची करडी पोटं, आणि सर्वांत शेवटी उजळ माथे. माथ्यांसाठी पांढऱ्यात ऑकरचा अगदी स्पर्श द्या आणि रंग जाड लावा. ढगाची उन्हाकडची कड ठळक राहू द्या, दुसरी कड कोरड्या ब्रशनं हलकेच ओढून शेजारच्या करड्यात विरघळवा. सगळ्या कडा सारख्याच मऊ केल्या तर ढग कापसाचे होतात, सगळ्या ठळक ठेवल्या तर पत्र्याचे. शिवाय ढग क्षितिजाजवळ लहान आणि चपटे होत जातात, डोक्यावर मोठे. आकाशालाही जमिनीसारखंच दूर-जवळ असतं हे बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. सपाट प्रदेशाचं चित्र असूनही हे इतकं खोल वाटतं, ते याच्यामुळे. करड्यात कुठे कुठे खालचं तपकिरी अस्तर डोकावलं तर ते बुजवू नका, त्याची ऊब आकाशाला हवी आहे.

रंगाबद्दल एक जाण ठेवा. त्या काळी डच चित्रकार आकाशासाठी बऱ्याचदा स्मॉल्ट वापरत. स्मॉल्ट म्हणजे कोबाल्ट घातलेल्या निळ्या काचेची पूड. तेलात ती काही वर्षांनी करडी पडते. झाडांच्या हिरव्यात मिसळलेले काही पिवळे रंगही उडून जातात आणि हिरवा निळसर होतो. जुनं व्हार्निश पिवळं पडतं ते वेगळंच. म्हणून एखाद्या जुन्या चित्राचा आजचा रंग हा चित्रकाराच्या मनातलाच असेल असं धरून चालू नका. शिकणाऱ्यानं आज दिसतं ते उतरवावं, पण पिवळेपणा आणि भेगा मात्र उतरवू नयेत.

आकाश सुकलं की जमीन. क्षितिजापासून सुरुवात करून पुढे या. दूरचं शहर पातळ रंगात, गडद आणि उजळ यांत फारसा फरक न ठेवता, आकाशाचाच करडा थोडा गडद करून रंगवा. चर्चसाठी वेगळा रंग काढायची गरज नाही. खिडक्या, कमानी काही काढू नका. जसजसे पुढे याल तसतसा रंग उबदार होऊ द्या, गडद अधिक गडद. सावलीचे भाग पातळ आणि सपाट, उन्हाचे भाग जाड, ही जुन्या तैलचित्रांची रीत इथे नीट पाळा.

कुरणांवरचे कापडाचे पट्टे अगदी शेवटी. इथे नवशिक्याचा हात पांढऱ्या ट्यूबेकडे जातो. तसं करू नका. पॅलेटवरचा तिसऱ्या क्रमांकाचा उजळ करडा घ्या, त्यात चिमूटभर ऑकर घाला आणि एक पट्टा ओढा. भोवतीचा गडद हिरवा बरोबर जमला असेल तर तो पट्टा लगेच पांढरा भासेल. तरीही मळका वाटला तर दोष पट्ट्याचा नाही, गवत उजळ झालं आहे, ते दाबा. मग पट्ट्याच्या उन्हाकडच्या टोकाला अधिक उजळ रंगाचा एकच ठिपका द्या. दूर असलेले पट्टे अरुंद आणि एकमेकांना जवळ, पुढचे रुंद आणि विरळ. माणसं दोन फटकाऱ्यांत, एक गडद आणि एक उजळ. तिसरा फटकारा मारलात तर ती बाहुल्या होतील.

हा मजकूर वाचण्याबरोबरच एखाद्या खऱ्या तैलचित्राजवळ उभं राहणं फार गरजेचं आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेली युरोपीय तैलचित्रं आहेत. तिथे समोरून न पाहता बाजूनं, तिरक्या प्रकाशात पाहा. रंग कुठे उचललेला आहे, कुठे कापडाचे धागे दिसण्याइतका पातळ आहे, ब्रश कोणत्या दिशेनं फिरला आहे, हे कुठलाही फोटो दाखवत नाही.

सुकण्याची गोष्ट नीट समजून घ्या, कारण अर्धी तैलचित्रं तिथेच बिघडतात. जलरंगातलं पाणी उडून जातं. तैलरंगातलं तेल उडत नाही, ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होत जातं. म्हणून खालचे थर टर्पेंटाइननं पातळ केलेले आणि वरचे क्रमानं जास्त तेलाचे ठेवायचे. खालचा थर तेलकट आणि वरचा झटपट सुकणारा झाला तर वरच्याला पुढे भेगा जातात. अंबर लवकर सुकतात, कारण त्यांत मँगनीज असतं. आयव्हरी ब्लॅक आणि टिटॅनियम व्हाइट वेळ घेतात. म्हणून पहिल्या थरात काळा नको, अंबर हवा. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात सुकायला आणखी दिवस लागतात, कॅनव्हास सैलही पडतो. तो भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागून हवा खेळू द्या आणि घाई म्हणून कडक उन्हातही ठेवू नका. व्हार्निश किमान सहा महिन्यांनी. खिडक्या उघड्या ठेवून काम करा. तेल लागलेल्या चिंध्यांचा बोळा करून कधीही टाकू नका, तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. त्या पाण्यात भिजवून किंवा एकेक पसरून वाळवून मगच टाका. घरात मुलं असतील तर हा नियम दुप्पट काटेकोरपणे पाळा.

काम झालं असं वाटलं की चित्र आणि प्रिंट दोन्ही उलटी धरून पाहा, किंवा आरशात पाहा. चर्च, घरं ही नावं विसरली जातात आणि टोनमधल्या चुका लगेच दिसतात. दुरुस्त्या दोन बैठकींत आटपा. त्यापुढे रेटलेलं चित्र सुधारत नाही, रंग चिखलासारखे होतात.

मागच्या बाजूला ‘याकोब व्हान रॉइसडालच्या चित्रावरून’ असं लिहून आपलं नाव आणि तारीख घाला. चित्रकार जाऊन साडेतीनशे वर्षं होत आली, तेव्हा कॉपी करण्यात कायद्याची अडचण नाही, पण मूळ सही उतरवायची नाही आणि मूळ आकारही घ्यायचा नाही. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात कॉपी करणाऱ्यांना मूळ चित्रापेक्षा किमान एक पंचमांश लहान किंवा मोठा कॅनव्हास घ्यावा लागतो, तो प्रतिकृती मूळ म्हणून खपू नये याचसाठी. आपला 16 × 18 इंचांचा कॅनव्हास या नियमात बसतो.

आणि लगेच दुसरी प्रतिकृती सुरू करू नका. श्रावण-भाद्रपदात पुण्याजवळच्या दिवे घाटाच्या माथ्यावर जा. खाली मस्तानी तलाव, त्यापलीकडे पसरलेला सपाट प्रदेश, वर ढगांच्या राशी आणि शेतांवरून सरकणाऱ्या त्यांच्या सावल्या. रॉइसडाल टेकाडावरून जे पाहत होता त्याचीच रचना इथे आहे. प्रकाश मात्र आपला आहे, हिरवा आपला आहे, आणि कोणता पट्टा उजळ ठेवायचा हे ठरवणारा आता दुसरा कुणी नाही. दिवे घाट लांब असेल तर आपल्या गावाजवळची कुठलीही टेकडी चालेल. त्याच सात ट्यूबा घ्या, तसाच 16 × 18 चा कॅनव्हास तपकिरी करून घ्या, आणि क्षितिजाची रेघ आधी मारा.